क्षमा मिळाली, मग दुःख का उरते?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाचा वक्ता म्हटला की त्याने विहाराची वाटचाल सांगावी, देणगीदारांचे आभार मानावेत, अशी रीत आहे. ते काम अध्यक्षांनी माझ्यापेक्षा चांगले केले आहे. मी आज एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी उभा आहे. तो प्रश्न गेल्या वर्षावासात याच सभागृहात विचारला गेला होता. त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. ते ऋण माझ्यावर आहे.

त्या संध्याकाळी ग्रंथवाचन संपून खीरवाटप चालू होते. आपल्यातल्याच एक उपासिका पुढे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या शेजारी एक ख्रिश्चन बाई राहते. नवरा पंधरा वर्षं दारू प्यायचा. मग सुटली त्याची. चर्चला जायला लागला, फादरपुढं सगळं कबूल केलं. फादर म्हणाले, देवानं तुला क्षमा केली. बाई खूश झाली. पण दीड वर्षात त्याच्या पोटात पाणी झालं. डॉक्टर म्हणतात, लिव्हर गेलं. आता ती मला नळावर विचारते, देवानं माफ केलं ना, मग आता हे कशाला? मी काय सांगू तिला?"

मागच्या रांगेतली दोन-तीन पोरे हसली. एक म्हणाला, "देव असला तर तोच सांगेल की!" पुन्हा हशा झाला. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी जाताना मात्र मला लाज वाटली. पोरांची नाही, माझी.

बंधुभगिनींनो, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. ईश्वराची कृपा आणि ईश्वराचा कोप यांवर आपला विश्वास नाही. पण त्या बाईचे दुःख खरे आहे, आणि तिचा प्रश्न प्रामाणिक आहे. दुःखापासून सुरू होणाऱ्या धम्माच्या माणसाने दुःखितावर हसायचे नसते. म्हणून आज मी आधी त्या बाईच्या धर्माच्या अंगणात उभा राहून हा प्रश्न पाहणार आहे. मग आपल्या घरात येणार आहे. आणि आपल्या घरातही थोडा केर आहे, तो झाडणार आहे.

ही कथा आपल्या भाषेला परकी आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले. म्हणजे बायबलातल्या गोष्टी मराठी माणूस चारशे वर्षांपासून ऐकतो आहे.

त्यातलीच एक गोष्ट दावीद राजाची. इस्राएलचा हा राजा मोठा पराक्रमी. पण त्याने आपल्याच सैनिकाची बायको बथशेबा हिला राजवाड्यात बोलावून घेतले. तिला दिवस गेले. पाप झाकायचे म्हणून त्याने तिचा नवरा उरीया याला लढाईत जिथे मार जास्त तिथे उभे करण्याचा हुकूम धाडला. उरीया मेला. बथशेबा राणी झाली. सगळे झाकले गेले, असे राजाला वाटले.

तेव्हा नाथान नावाचा संदेष्टा राजापुढे आला. त्याने एक साधी गोष्ट सांगितली. एका गावात एक श्रीमंत आणि एक गरीब. श्रीमंताकडे मेंढरांचे कळप. गरिबाकडे एकच कोकरू, लेकरासारखे वाढवलेले. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपल्या कळपाला हात लावला नाही. गरिबाचे कोकरू ओढून नेऊन कापले. दावीद संतापला. म्हणाला, असा माणूस मरणाच्याच लायकीचा आहे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस.

राजाने सबब सांगितली नाही. मी पाप केले, असे कबूल केले. आणि नाथानने त्याच क्षणी सांगितले की देवाने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. झाली क्षमा! पण त्याच दमात पुढचेही सांगितले. तुझ्या घरातून तलवार हलणार नाही, आणि हे मूल जगणार नाही. दावीद सात दिवस उपाशी जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी मूल गेले. पुढे त्याचाच मुलगा अबशालोम त्याच्यावर उलटला आणि मारला गेला. म्हातारा राजा त्याचे नाव घेऊन ढसाढसा रडला.

म्हणजे बघा, त्या नळावरच्या बाईचा प्रश्न नवा नाही. तो त्यांच्या ग्रंथातच मांडून ठेवलेला आहे. आणि उत्तरही तिथेच आहे. क्षमेने देव आणि माणूस यांच्यातले तुटलेले नाते जुळते. केलेल्या कृत्याचा परिणाम मात्र जगात चालू राहतो. उरीया परत येत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर सावकाराने कर्ज माफ केले तरी कर्जापायी विकलेला बैल गोठ्यात परत येत नाही.

कॅथलिक चर्चने हीच गोष्ट नियमात बसवली. १५४५ ते १५६३ या काळात इटलीत ट्रेंट येथे त्यांची मोठी धर्मपरिषद भरली. तिथे सांगितले गेले की पापाचा दोष आणि त्यामुळे मिळणारी कायमची शिक्षा क्षमेने जाते, पण काही ऐहिक शिक्षा उरू शकते. ती प्रायश्चित्ताने, धीराने सोसून फेडायची, आणि इथे फिटली नाही तर मरणानंतर शुद्ध होण्याच्या अवस्थेत फेडायची. या शिक्षेत सूट देणाऱ्या पत्रांचा त्याआधीच बाजार झाला होता, म्हणूनच १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर उभा राहिला. त्याचे म्हणणे, क्षमा ही देवाची देणगी आहे, ती विकता येत नाही आणि कमावताही येत नाही. दोघांत भांडण फार मोठे झाले. पण एका गोष्टीवर दोघेही एक आहेत. क्षमा मिळालेला माणूसही आजारी पडतो, रडतो आणि मरतो.

याचे सगळ्यात बोलके चित्र क्रुसावर आहे. येशूबरोबर दोन गुन्हेगार क्रुसावर दिले होते. त्यातला एक म्हणाला, आम्हाला आमच्या कर्माचे फळ मिळते आहे, पण या माणसाने काही केले नाही. येशू, तू माझी आठवण ठेव. येशूने त्याला सांगितले की आजच तू माझ्याबरोबर स्वर्गात असशील. एवढी मोठी क्षमा! पण त्याच्या हाताचे खिळे निघाले नाहीत. क्षमा झालेला तो माणूस क्रुसावरच मेला.

इथपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली. पंधरा वर्षे दारूने लिव्हर कुजवले, ते फादरच्या शब्दाने नवे होत नाही, आणि ख्रिस्ती धर्मही तसे वचन देत नाही. पण आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे झाले ज्याने केले त्याचे. ज्याने काहीच केले नाही त्याचे काय? दाविदाच्या त्या तान्ह्या मुलाने काय केले होते? प्रश्न अगदी बरोबर आहे. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. बायबलातच यहेज्केल नावाचा संदेष्टा म्हणतो की बापाच्या पापाची शिक्षा मुलाला होणार नाही. म्हणजे त्यांच्या ग्रंथातही यावर एकमत नाही, आतल्या आत वाद चालू आहे.

तोच वाद ईयोबाच्या गोष्टीत आहे. ईयोब हा सज्जन माणूस. त्याची गुरेढोरे गेली, मुले गेली, अंगभर फोड उठले. त्याचे तीन मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढे त्यांनी फार चांगले केले! मग त्यांनी तोंड उघडले, आणि सुरू झाले की तू काहीतरी पाप केले असशील, आठवून बघ, कबूल कर. ईयोब म्हणत राहिला की मी असे काही केलेले नाही. शेवटी देव बोलतो, तेव्हा कारण सांगत नाहीच. पण एक सांगतो, की हे मित्र माझ्याविषयी योग्य बोलले नाहीत. दुःखिताला पापी ठरवणाऱ्यांच्या बाजूला त्यांचा देवही उभा राहिला नाही.

येशूपुढेही हाच प्रश्न आला. रस्त्यात एक जन्मांध माणूस दिसला. शिष्यांनी विचारले, गुरुजी, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशूने सांगितले, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. दुसऱ्या एका प्रसंगी शिलोह येथला बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचे बोलणे निघाले. येशूने विचारले, ते अठरा जण यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असे तुम्हाला वाटते काय? आणि उत्तरही दिले, नाही. म्हणजे जिथे दुःख तिथे पाप, हा हिशेब खुद्द येशूने नाकारला आहे. त्याच्या अनुयायांनी तो किती वेळा विसरला, हा भाग वेगळा.

१७५५ साली १ नोव्हेंबरला पोर्तुगालच्या लिस्बन शहरात हा हिशेब सगळ्या युरोपच्या डोळ्यांपुढे कोसळला. तो सर्व संतांचा सण होता. सकाळी लोक चर्चमध्ये होते. मोठा भूकंप झाला, वरून दगड पडले, मग समुद्राच्या लाटा आल्या आणि पाठोपाठ आग. हजारो माणसे गेली. काही धर्मोपदेशकांनी ही पापाची शिक्षा म्हटले. फ्रान्सचा व्हॉल्टेअर यावर तुटून पडला. आईच्या कुशीत चिरडलेल्या बाळांनी कोणते पाप केले होते, हा त्याचा सवाल होता.

ख्रिस्ती विचारवंतांनी याची उत्तरे दिली आहेत. पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले संत ऑगस्टीन म्हणतात, देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली, ती त्याने वाकडी वापरली, आणि पहिल्या माणसाच्या पापापासून सगळी मानवजातच बिघडली. विसाव्या शतकात इंग्लंडचे जॉन हिक म्हणाले, हे जग म्हणजे माणूस घडवण्याची शाळा आहे, दुःखावाचून माणूस वाढत नाही. पौल हा त्यांचा जुना उपदेशक. तो लिहितो की सगळी सृष्टी अजून बाळंतकळा देते आहे, सुटका पुढे आहे. आणि पुष्कळ साधे ख्रिस्ती लोक एवढेच म्हणतात की आमचा देव स्वतःच क्रुसावर दुःख भोगून गेला, तो आमच्या दुःखात आमच्याजवळ आहे. मला विचाराल तर या शेवटच्या उत्तरात माणसाला आधार देण्याची ताकद सगळ्यात जास्त आहे. पण आधार वेगळा आणि कारण वेगळे. सर्वशक्तिमान आणि दयाळू असा देव मानला की बाळाच्या मरणाचे कारण मागायला त्याच्याच दारात जावे लागते, आणि तिथे पूर्ण उत्तर मिळाले असे त्यांचे प्रामाणिक विचारवंतही म्हणत नाहीत. आपला मतभेद इथे आहे, आणि तो सांगायला मला संकोच वाटत नाही.

तरीही त्यांच्यातल्याच एका माणसाचे ऋण मान्य केले पाहिजे. जर्मनीचे पाळक डीट्रिख बॉनहोफर. १९३७ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी 'स्वस्त कृपा' या गोष्टीवर कडक टीका केली. पश्चात्ताप नाही, वागण्यात बदल नाही, आणि क्षमा मात्र घाऊक भावाने वाटायची, ही स्वस्त कृपा. हिटलरला विरोध केल्याबद्दल या माणसाला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिले गेले.

स्वस्त क्षमेचा प्रश्न एका घरापुरता नाही, सगळ्या समाजाचा आहे. दक्षिण आफ्रिकेचेच बघा. काळ्या लोकांना माणूस न मानणारी राजवट १९९४ साली संपली. १९९५ साली 'सत्य आणि समेट आयोग' स्थापन झाला, आर्चबिशप डेस्मंड टूटू त्याचे अध्यक्ष. ज्याने राजकीय हेतूने केलेला गुन्हा पूर्ण खरा सांगितला, त्याला कायद्याची माफी मिळू शकत होती. हजारो पीडितांनी साक्षी दिल्या. काही मातांनी मुलांच्या मारेकऱ्यांना क्षमा केली. टूटू स्वतः सुनावणीत रडले. पण १९७७ साली पोलिसांच्या ताब्यात मरण पावलेले स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या माफीला न्यायालयात विरोध केला. त्यांना आधी न्याय हवा होता. पुढे २००३ साली सरकारने आयोगाने मान्य केलेल्या पीडितांना एकरकमी ३० हजार रँड जाहीर केले. पण जमीन, खाणी, चांगली घरे बहुतेक होती त्याच हातात राहिली. तिथे क्षमा मनापासून दिली गेली, तरी झोपडीतले दुःख उरले, कारण ते दुःख ज्या व्यवस्थेतून येते ती व्यवस्था पुरती हललीच नाही.

हे आपल्याला लगेच कळते, कारण आपण त्यातून आलो आहोत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले, ते कुणाची माफी मागायला नव्हे आणि कुणाला माफी द्यायलाही नव्हे. ते पाण्यावरचा माणसाचा हक्क सांगायला गेले. कुणी उद्या हात जोडून म्हणाले की झाले गेले विसरा, तर आपण विसरूही. पण पाणवठा खुला झाला का, हे आधी विचारू.

आता आपल्या घरात येऊ.

आपणही क्षमा मागतो. भिक्खूंना वंदन करताना काया, वाचा आणि मनाने झालेल्या अपराधांची क्षमा मागतो. पण त्याचा अर्थ अपराध पुसला गेला असा नाही. चूक ही चूक म्हणून पाहिली आणि पुढे सांभाळून वागण्याचे ठरवले, एवढाच त्याचा अर्थ. दावीद राजासारखाच एक राजा आपल्या ग्रंथांतही आहे. मगधाचा अजातशत्रू. गादीसाठी त्याने बाप बिंबिसार याचा जीव घेतला. पुढे तो तथागतांकडे आला आणि अपराध कबूल केला. तथागतांनी ती कबुली स्वीकारली, चूक ओळखून सुधारणे हे चांगले आहे असे सांगितले. पण राजा निघून गेल्यावर ते भिक्खूंना म्हणाले, या माणसाने बापाला मारले नसते तर आज इथे बसल्या जागी त्याला धम्माची दृष्टी मिळाली असती. कबुली स्वीकारली, पण नुकसान झाले ते झालेच.

अंगुलिमालाची गोष्ट तर आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे. पण आपण ती अर्धीच सांगतो. डाकू शरण आला, भिक्खू झाला, टाळ्या! पुढचे ऐका. अंगुलिमाल अर्हत झाला, मन पूर्ण निर्मळ झाले. आणि एके दिवशी श्रावस्तीत भिक्षेला गेला तर कुणी फेकलेले ढेकूळ, कुणी फेकलेली काठी, कुणी फेकलेले खापर त्याच्या अंगावर आले. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. तो रक्ताने माखून तथागतांपुढे आला. तथागतांनी चमत्कार केला नाही. सोस, असे सांगितले. तुझ्या कर्माचे फळ तू इथेच भोगतो आहेस, असे समजावले. ज्यांची माणसे त्याने मारली होती त्यांची घरे त्याच गावांत होती ना!

मग साधना कशाला, असे विचाराल. त्यावर तथागतांची मिठाची उपमा आहे. मिठाचा खडा पेल्यातल्या पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही. तोच खडा गंगेत टाकला तर गंगा खारट होत नाही. मीठ तेवढेच असते, पाणी वाढवायचे असते. शील, मैत्री, प्रज्ञा यांनी माणूस पेल्याचा नदी होतो. म्हणूनच बाबासाहेब सांगत की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही.

आता तो केर, जो झाडायचे मी कबूल केले होते. आपल्यातही ईयोबाचे मित्र आहेत. फक्त ते पाप म्हणत नाहीत, पूर्वकर्म म्हणतात. कुणाच्या घरी अपंग मूल जन्मले, कुणी तरुणपणी विधवा झाली, की आपल्यापैकीच कुणीतरी हळूच म्हणते, मागच्या जन्मीचे काही असेल.

मी स्वतः म्हणालो आहे. तेव्हा माझे वय बावीस-तेवीस. चार पुस्तके वाचली होती, अंगात ज्ञान मावत नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा काविळीने गेला. घरात रडारड चाललेली. मी तिची समजूत काढायला बसलो आणि म्हणालो, "अक्का, त्याचं कर्म तेवढंच होतं. मागल्या जन्माचा हिशेब असतो." ती रडायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या लेकरानं कुणाचं काय केलं होतं रे?" बस, एवढेच. त्यानंतर दोन वर्षे ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

पुढे मी तिचे पाय धरले. तिने मला उठवले, जेवायला वाढले, क्षमा केली. अगदी मनापासून केली. पण आज इतक्या वर्षांनीही त्या मुलाचा विषय निघाला की ती माझ्याकडे बघत नाही, खिडकीबाहेर बघते. क्षमा मिळूनही काय उरते, हे मला कुठल्या धर्मग्रंथात शोधावे लागत नाही.

आणि मी जे बोललो होतो ते बुद्धवचनही नव्हते. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो, माणसाला जे काही सुखदुःख होते ते सगळे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले काय मत? तथागतांनी आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्माचे फळ. आठातले एक! सगळेच पूर्वकर्मामुळे म्हणणारे आपल्या अनुभवाच्या आणि जगाला माहीत असलेल्या गोष्टींच्या पलीकडचे बोलतात, ते त्यांचे चूक आहे, असा निर्वाळा दिला. माझा भाचा घाण पाण्याने झालेल्या काविळीने गेला. कारण नळात होते, मागच्या जन्मात नव्हते.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले आहे. गरीब आणि दलित यांच्या स्थितीला त्यांचेच पूर्वजन्मीचे कर्म जबाबदार ठरवले की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात, हाच त्या सिद्धान्ताचा उपयोग, असे ते म्हणतात. हजारो वर्षे आपल्याला हेच ऐकवले गेले. तेच वाक्य आपण आपल्या बहिणीला ऐकवावे, याच्यासारखा दैवदुर्विलास नाही.

मग दुःखिताच्या दारात जाऊन करायचे काय? विनयपिटकात याचे उत्तर आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच घाणीत पडून होता, कुणी बघत नव्हते. तथागत आणि आनंद विहारातून फिरताना तिथे आले. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना बघितले नाही तर कोण बघणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. लक्षात घ्या, त्या भिक्खूला कुणी विचारले नाही की तुझे कर्म काय.

आणि आता गंमत बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूही शेवटच्या न्यायाची गोष्ट सांगताना जवळजवळ हेच म्हणतो. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याची विचारपूस, हे तुम्ही माझ्या सगळ्यात लहान भावासाठी केले ते माझ्यासाठीच केले. दुःखाच्या कारणावर आपले आणि त्यांचे जमत नाही. आजाऱ्याच्या खाटेशी मात्र दोघांची वाट एक होते.

तर ताई, तुम्ही पुढच्याच रांगेत बसला आहात, हे घ्या तुमचे उत्तर. तिला सांगा, तुझ्या नवऱ्याला मिळालेली क्षमा खोटी नाही. तो दारू सोडून घरी आला, मुलांशी दोन शब्द गोड बोलला, तुझी माफी मागितली, ते दीड वर्ष तुझ्या संसारात जमा आहे. आजार हा दारूचा परिणाम आहे, देवाचा नवा राग नाही. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तथागतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. एक बाण शरीराला लागतो. दुसरा मनाला लागतो, आणि तो बऱ्याचदा आपला आपणच मारून घेतो. पहिला काढणे डॉक्टरांच्याही हातात राहिले नसेल, पण 'माझेच काहीतरी चुकले' हा दुसरा बाण तिला मारून घेऊ देऊ नका.

हे मी आज सांगतो आहे, पण मला उशीर झाला. तो माणूस माघात गेला. आणि मला नंतर कळले की ताईंनी माझ्या उत्तराची वाट पाहिलीच नव्हती. तो दवाखान्यात होता तितके दिवस त्यांच्या घरून पेजेचा डबा जात होता, आणि त्या बाईची दोन्ही मुले यांच्या घरी जेवून अभ्यासाला बसत होती. हसणाऱ्या त्या पोरांपैकी दोघांनी रक्त दिले, हेही सांगितले पाहिजे. दफनाच्या दिवशी महिला मंडळाच्या अकरा बायका पांढरी पातळे नेसून कब्रस्तानात गेल्या, प्रार्थना चालली तोवर हात जोडून उभ्या राहिल्या.

प्रश्न माझ्याकडे होता, उत्तर त्यांच्याकडे होते. या विहाराला जे काही वय झाले आहे त्याचे सार्थक अशा डब्यांत आहे. अध्यक्षांना माझी एकच विनंती, की पुढच्या वर्षीच्या अहवालात रंगरंगोटी आणि नव्या फरशीच्या हिशेबाबरोबर एक ओळ आणखी असावी, वर्षभरात वस्तीत किती आजाऱ्यांच्या घरी आपण गेलो. धर्म कोणता हे न विचारता.